एक कान घराकडे

आमच्या घरी संगणकावर दोघींचा हक्क. संध्याकाळी सहा ते आठ लेकीचा आणि रात्रीची जेवणं आटोपल्यावर माझा. ती इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, मैत्रिणींबरोबर ‘व्हॅलोरंट’ नावाचा खेळ खेळते. मी त्याच संगणकावर गाणं ऐकते. मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्व माझे आवडते. कुमारजी १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मले, त्यामुळे आम्हा बेळगावकरांना त्यांच्या गाण्यावर जरा जास्तच हक्क वाटतो. संगणक साधाच. आवाजासाठी वेगळं साउंड कार्ड वगैरे काही नाही, मदरबोर्डवर बसवलेली चिप असते तीच.

गेल्या दिवाळीत लेकीनं साठवलेल्या पैशांतून गेमिंगचा हेडसेट आणला. कडेनं निळे-लाल दिवे, खोक्यावर ७.१ असा मोठा आकडा आणि कानावर घट्ट बसणाऱ्या रेक्झिनच्या जाड गाद्या. तो घालून बसली की जग बुडालं तरी तिला पत्ता नसायचा. मला तेव्हा बरंच वाटलं. बंदुकांचे आवाज घरभर येत नाहीत, आणखी काय हवं?

जुलैतल्या एका संध्याकाळी मी कॉलेजातून यायला उशीर झाला. पावसाची सर आली म्हणून सासूबाई मागच्या पडवीत वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या आणि ओल्या फरशीवर घसरल्या. नातीला तीन-चार हाका मारल्या. ती पंधरा फुटांवरच्या खोलीत होती, पण तिला एकही हाक ऐकू गेली नाही. शेवटी कुंपणापलीकडच्या वहिनी धावत आल्या. मनगटाचं हाड चिरलं होतं. पुढं सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये.

सासूबाईंनी तिला एका शब्दानंही दोष दिला नाही. “पोरीनं काय मुद्दाम केलं होय?” एवढंच म्हणाल्या. लेकीनं मात्र हेडसेट कपाटात टाकला आणि खेळच सोडला. चार दिवसांनी रात्री माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आई, खेळात कुणी मागून डावीकडनं आलं तर मला पावलं ऐकू येतात. आज्जीची हाक नाही आली.” यावर काय बोलावं मला सुचेना. पण खेळ सोडणं हा काही उपाय नव्हे, आणि तिच्या मैत्रिणीही त्या खेळातच भेटतात. मग आम्ही दोघींनी ठरवलं, हेडफोन नव्यानं निवडायचा. या वेळी घर लक्षात ठेवून.

खडेबाजारातल्या दुकानदारानं आधी दिव्यांचेच हेडसेट पुढं ठेवले. “हे घ्या की मॅडम, बेस कसा धडधडतोय बघा!” मी पदार्थविज्ञान शिकवते. वीस वर्षं फळ्यावर ओहमचा नियम लिहिला, पण तो दुकानात उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी पडला.

प्रत्येक हेडफोनच्या खोक्यावर ओहममध्ये एक आकडा असतो, तो त्याचा विद्युतरोध. मदरबोर्डची चिप देऊन देऊन साधारण एक व्होल्ट देते असं धरू. त्या एका व्होल्टवर ३२ ओहमचा हेडफोन सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती घेतो, ५५ ओहमचा १८ आणि ३०० ओहमचा जेमतेम ३. म्हणून स्टुडिओत वापरतात ते २५० किंवा ३०० ओहमचे नामांकित हेडफोन कितीही चांगले असले, तरी वेगळ्या अँप्लिफायरशिवाय साध्या संगणकावर ते अनेकदा दबलेले वाटतात. पण ओहमचा आकडा एकटा पुरत नाही, संवेदनशीलताही पाहावी लागते. एका मिलिवॅटला किती डेसिबल आवाज, असा हा दुसरा आकडा. दोन हेडफोनांत इथं १० डेसिबलचा फरक असला, तर तेवढ्याच आवाजासाठी एकाला दुसऱ्याच्या दहापट शक्ती लागते.

मग सगळ्यात कमी ओहमचा घ्यावा का? तसंही नाही. काही मदरबोर्डांच्या आवाजाच्या वाटेत स्वतःचाच बराच रोध असतो. अशा ठिकाणी फार कमी ओहमच्या हेडफोनचा तोल बिघडतो, बेस सैल होतो. शिवाय फार संवेदनशील हेडफोनमध्ये चिपची सूंऽऽ आणि माउस हलवल्यावरची खरखरही ऐकू येते. साध्या संगणकाला ३२ ते ८० ओहमच्या मधला आणि संवेदनशीलतेत फार खाली नसलेला हेडफोन सोयीचा.

आता पाठीचा प्रश्न. क्लोज्ड बॅक म्हणजे वाटीची मागची बाजू बंद. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. ओपन बॅकला मागं जाळी असते. आवाज मोकळा वाटतो, कान उबत नाहीत आणि घरातली हाकही ऐकू येते. त्याची खोटही सांगायला हवी. आतला आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू जातो. वसतिगृहात किंवा अभ्यास करणाऱ्या भावंडाशेजारी हा चालणार नाही, तिथं बंदच घ्यावा.

आम्ही घेतला तो एकेजी के २४० स्टुडिओ. ५५ ओहम, एका मिलिवॅटला ९१ डेसिबल, सेमी-ओपन म्हणजे अर्धा उघडा. दिवे नाहीत, माइक नाही, वायर तीन मीटर लांब. लेक जरा हिरमुसली. “यात ७.१ नाही ना गं!” मी तिला म्हटलं, तुला कान किती आहेत? आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांमधल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून आणि कानाच्या पाळीमुळे स्वरात होणाऱ्या बदलावरून ओळखतो. खेळाचं सॉफ्टवेअर हेच फरक तयार करून दोन्ही कानांना देतं. खोक्यावर ७.१ लिहिलेल्या बहुतेक हेडसेटमध्येही प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो, बाकी करामत सॉफ्टवेअरची. तशी सोय विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंडोज सोनिक’ या नावानं फुकट मिळते. बोलण्यासाठी कॉलरला लावायचा छोटा माइक वेगळा घेतला.

माझी परीक्षा वेगळी होती. मी तानपुरा लावला. जवारीची झणझण स्वच्छ येते का, डग्ग्याचा घुमारा गायकाच्या आवाजावर चढत नाही ना, हे ऐकलं. जुन्या हेडसेटमध्ये डग्गा नुसता ढोलासारखा बदबदायचा. इथं मींडही कळली. गंमत म्हणजे ज्यात मला तानपुरा नीट ऐकू येतो, त्यातच तिला पावलंही नीट ऐकू येतात. फुगवलेला बेस दोन्ही झाकून टाकतो.

घरी आल्यावर चार गोष्टी शिकलो, त्या सांगते. पहिली, हेडफोन संगणकाच्या मागच्या हिरव्या भोकात लावावा. पुढच्या भोकापर्यंत जाणारी वायर पेटीतल्या इतर भागांजवळून जाते आणि त्यांची खरखर उचलू शकते. एवढ्यानं खरखर गेली नाही, तर स्वतःची ध्वनिचिप असलेला बोटभर यूएसबी अडॅप्टर घ्यावा. दुसरी, मोबाइलच्या हेडफोनच्या पिनवर तीन रेघा असतात, कारण आवाज आणि माइक एकाच पिनमध्ये असतात. संगणकाला दोन वेगळी भोकं असतील, तर दोन फाटे असलेली वायर लागते. तिसरी, खेळात बोलणं सुरू झालं की गाण्याचा आवाज एकदम उतरतो. हेडफोन बिघडलेला नसतो, विंडोजच तो उतरवतं. साउंडच्या सेटिंगमधल्या कम्युनिकेशन्समध्ये जाऊन ‘डू नथिंग’ निवडावं. चौथी, खेळासाठी ब्लूटूथ शक्यतो टाळावं. आवाज किंचित उशिरा येतो आणि माइक सुरू केला की बहुधा त्याचा दर्जाही घसरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. घरात डेसिबल मोजायचं यंत्र नव्हतं, पण सासूबाई होत्या. लेक हेडफोन घालून खेळायला बसली. त्या पडवीत जाऊन रोजच्या आवाजात हाक मारू लागल्या आणि ती एकेक आकडा आवाज उतरवू लागली. ३४ वर आल्यावर तिकडून “ओ आज्जी!” आली. तो ३४ चा आकडा आता पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलाय.

आमच्याकडचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की मात्र ३४ सुद्धा जास्त होतो. अशा वेळी आज्जी घरात एकटी असेल, तर लेक एका कानाची वाटी मागं सरकवून खेळते. मागून येणारी पावलं मग तिला नीट कळत नाहीत आणि हरते कधीकधी. मैत्रिणी ओरडतात. ती म्हणते, “थांबा गं, आज्जी पडवीत आहे.”