पोनोप्लेअर : हाय-रेझोल्यूशन संगीतयंत्राच्या गुणदोषांचा लेखाजोखा

खिशात किंवा पिशवीत घालून नेता येणाऱ्या संगीतयंत्रांच्या इतिहासात पोनोप्लेअरला जेमतेम अडीच वर्षांचे आयुष्य लाभले. तरीही त्याची दखल घेणे आवश्यक आहे, कारण ‘हाय-रेझोल्यूशन’ या नावाने आज जी उपकरणे आणि ज्या सेवा विकल्या जातात, त्यांच्या बाजूने आणि विरोधात मांडले जाणारे जवळजवळ सर्व मुद्दे या एका यंत्राच्या निमित्ताने आधीच मांडून झाले होते. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत कीर्ती मिळवलेले गायक-गीतकार नील यंग हे या यंत्राचे प्रवर्तक होते. पोनोप्लेअर हे अत्यंत काळजीपूर्वक घडवलेले यंत्र होते यात शंका नाही; मात्र ज्या आकड्यांच्या बळावर ते लोकांपुढे ठेवले गेले, ते आकडे हीच त्याची सर्वांत लंगडी बाजू होती. या विसंगतीचा उलगडा करायचा तर आधी डिजिटल ध्वनिमुद्रणाची मूळ कल्पना समजून घ्यावी लागते.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील सतत होणारा चढउतार होय. डिजिटल ध्वनिमुद्रणात या चढउताराची मोजमापे ठरावीक अंतराने घेतली जातात. एका सेकंदात अशी किती मोजमापे घेतली जातात, त्या संख्येस सॅम्पलिंग रेट म्हणतात आणि प्रत्येक मोजमाप किती बारकाईने नोंदवले जाते, ते बिटच्या संख्येवरून ठरते. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८० मध्ये निश्चित केलेल्या आणि १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येक मोजमापास १६ बिट हे प्रमाण स्वीकारण्यात आले. याहून सरस प्रमाण वापरलेल्या ध्वनिमुद्रणाला सामान्यतः हाय-रेझोल्यूशन म्हटले जाते आणि त्यात २४ बिट व ९६,००० किंवा १,९२,००० मोजमापे हे प्रकार विशेष प्रचलित आहेत. अर्थात त्याची किंमत साठवणुकीच्या जागेत मोजावी लागते. कोणतीही काटछाट न केलेली एक तासाची मैफल कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणाने सुमारे ६३५ मेगाबाइट जागा व्यापते, तर २४ बिट आणि १,९२,००० मोजमापांच्या प्रमाणाने तिलाच चार गिगाबाइटहून अधिक जागा लागते.

जागेच्या याच अडचणीतून १९९० च्या दशकात एमपी३ चा प्रसार झाला. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनाचा मोठा वाटा असलेली ही पद्धत मानवी श्रवणाच्या एका गुणधर्मावर आधारलेली आहे : मोठा आवाज चालू असताना त्याच्या लगतचे क्षीण स्वर कानाला जाणवत नाहीत, म्हणून असे न जाणवणारे अंश वगळले तर फाइल कितीतरी लहान होते. जे वगळले ते पुन्हा मिळवता येत नाही आणि काटछाट फार केली तर झांजेचा झणत्कार किंवा टाळ्यांचा कडकडाट बोथट, पाण्यात बुडाल्यासारखा ऐकू येतो. याउलट २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॅक या पद्धतीत फाइल आकुंचित होते, परंतु उघडल्यावर मूळ मोजमापे जशीच्या तशी परत मिळतात. २००१ मध्ये आलेला आयपॉड आणि २००३ मध्ये सुरू झालेले आयट्यून्सचे दुकान यांमुळे काटछाट केलेले संगीत घरोघरी पोहोचले. एक संपूर्ण पिढी संगीताची केवळ सावली ऐकत वाढते आहे, ही यंग यांची तक्रार या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे. त्या काळातील फार काटछाट केलेल्या फाइलींच्या बाबतीत ती निराधार नव्हती.

मार्च २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या व्यासपीठावर पोनोप्लेअरची घोषणा झाली. आठ लाख डॉलरचे उद्दिष्ट पहिल्याच दिवशी ओलांडले गेले आणि मोहीम संपेपर्यंत १८ हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे ६२ लाख डॉलर जमा केले. यंत्राची किंमत ३९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २४ हजार रुपये, ठेवण्यात आली होती. प्रचारासाठी तयार केलेल्या चित्रफितीत नामांकित गायक-वादक हे संगीत ऐकून भारावून बोलताना दिसत होते. चांगला ध्वनी हा श्रोत्याचा हक्क आहे, ही भावना एवढ्या मोठ्या समुदायाला पैसे गुंतवण्याइतकी जवळची वाटली, ही गोष्ट त्या मोहिमेचे यश म्हणून मान्य केली पाहिजे.

यंत्राची घडणही या विश्वासाला साजेशी होती. त्याचा आकार टोब्लेरोन चॉकलेटच्या खोक्यासारखा लांबट आणि त्रिकोणी होता. त्यामुळे ते पँटच्या खिशात नीट मावत नसे, मात्र चपट्या फोनमध्ये न बसणारे मोठे विद्युत घटक आणि नळकांड्याच्या आकाराची बॅटरी त्यात सामावता येत असे. त्याचे विद्युतमंडल अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर येथील एअर अकूस्टिक्स या महागडी ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीने आखले होते. डिजिटल आकड्यांचे विद्युत्-लहरीत रूपांतर करणाऱ्या घटकाला डॅक म्हणतात. पोनोमध्ये त्यासाठी ईएसएस कंपनीची नावाजलेली चिप वापरली होती. परंतु चिपपेक्षाही तिच्या पुढचा टप्पा, म्हणजे हेडफोनला प्रत्यक्ष शक्ती पुरवणारा अँप्लिफायर, हा या यंत्राचा अभिमानाचा भाग होता. एकाच चिपमध्ये सर्व काही कोंबण्याऐवजी तो सुट्या ट्रान्झिस्टरांनी बांधलेला होता. यंत्राला दोन जॅक होते. त्यांतील एकाला हेडफोन आणि दुसऱ्याला घरातील मोठी ध्वनियंत्रणा जोडता येत असे, तसेच योग्य तारा वापरल्यास दोन्ही जॅक मिळून डाव्या आणि उजव्या कानाला स्वतंत्र तारांच्या जोडीने ध्वनी पुरवता येत असे. अंगभूत ६४ गिगाबाइट साठवण, वेगळ्या मेमरी कार्डाची सोय, लहानसा स्पर्शपडदा आणि तीन गोल बटणे एवढाच त्याचा संसार होता. त्यात फोन, संदेश किंवा जाहिराती यांपैकी काहीही नव्हते.

आता मूळ दाव्याकडे वळता येईल. अधिक मोजमापे म्हणजे अधिक सूक्ष्म संगीत, हा तर्क वरवर पटण्यासारखा आहे, कारण दोन मोजमापांच्या मधले काहीतरी हरवत असणार असे सामान्यतः वाटते. प्रत्यक्षात हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत सांगतो की, एखाद्या लहरीतील सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने मोजमापे घेतली, तर मधल्या जागेसह ती लहर पूर्णपणे पुन्हा उभी करता येते. निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते; त्यामुळे ४४,१०० हा आकडा मानवी श्रवणाला पुरून उरतो. बिटांचेही तसेच आहे. १६ बिटांमुळे सर्वांत क्षीण आणि सर्वांत प्रबळ ध्वनीमध्ये सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते आणि घरातल्या शांत खोलीतही एवढ्या अंतराचा पूर्ण उपयोग क्वचितच होतो. २४ बिटांचा खरा लाभ स्टुडिओत मिळतो, कारण तेथे ध्वनीची पातळी वारंवार बदलावी लागते आणि प्रत्येक प्रक्रियेत होणाऱ्या सूक्ष्म चुका साठत जातात.

प्रयोगांचे निष्कर्षही याच दिशेने जातात. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाय-रेझोल्यूशन ध्वनी आणि तोच ध्वनी कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणात उतरवून, कोणता कोणता हे न सांगता ऐकवण्यात आला. ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा वेगळा निकाल लागला नाही. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांतील १२,५०० हून अधिक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. ते संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखलपात्र असले तरी अत्यल्प होते, मात्र प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते अधिक होते. फरक शून्य आहे असे ठामपणे म्हणता येत नाही; परंतु ऐकणाऱ्याचे आयुष्य पालटेल असा फरक नाही, हे मात्र निश्चितपणे म्हणता येते. पोनो आणि फोन यांची अशीच तुलना करून पाहणाऱ्या काही समीक्षकांच्या हातीही निराशाच आली.

असे असूनही अनेक जाणकारांना हाय-रेझोल्यूशन आवृत्त्या खरोखरच सरस वाटतात आणि त्यांचा अनुभव खोटा ठरवण्याचे कारण नाही. मेयर आणि मोरान यांनी स्वतःच नोंदवले आहे की त्यांनी वापरलेल्या बहुतेक हाय-रेझोल्यूशन डिस्क सामान्य डिस्कपेक्षा चांगल्या ऐकू येत होत्या. त्याचे कारण प्रमाणात नसून मास्टरिंगमध्ये होते. मास्टरिंग म्हणजे प्रकाशनापूर्वी ध्वनिमुद्रणाची पातळी, समतोल आणि चढउतार यांवर होणारा अखेरचा संस्कार. १९९० च्या दशकापासून गाणे रेडिओवर किंवा मोटारीत इतरांपेक्षा मोठ्याने वाजावे म्हणून क्षीण भाग उचलून आणि प्रबळ भाग दाबून सगळे एका पातळीवर आणण्याची स्पर्धा लागली, आणि तिच्यात कुजबुज व गर्जना यांच्यातील भेदच पुसला गेला. चोखंदळ ग्राहकासाठी काढलेल्या आवृत्तीत हा अत्याचार टळत असल्याने ती अधिक मोकळी आणि जिवंत वाटते, आणि श्रेय मात्र खोक्यावरच्या आकड्याला मिळते.

मराठी श्रोत्यांच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. हिंदुस्थानी संगीताचा मोठा ठेवा ७८ आवर्तनांच्या तबकड्या, आकाशवाणीच्या फिती आणि खासगी मैफलींच्या कॅसेट यांत आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रणे सुरू केली तेव्हापासून १९२५ च्या सुमारास विद्युत-ध्वनिमुद्रण येईपर्यंत कर्ण्यातून घेतलेल्या मुद्रणात सुमारे ५,००० कंपनांच्या वरचे फारसे काही उतरतच नसे. अशी तीन मिनिटांची तबकडी १,९२,००० मोजमापांच्या स्टिरिओ फाइलमध्ये ठेवली, तर दोनशे मेगाबाइटहून अधिक जागा लागते. पण गायकाचा जो श्वास मुळात खोदलाच गेला नाही, तो त्यातून प्रकट होत नाही. मात्र जतनाच्या कामात स्थिती उलट आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे २४ बिट आणि किमान ४८,००० मोजमापांचा आग्रह धरतात व ९६,००० ची शिफारस करतात, कारण तबकडीवरील ओरखड्याचा टणत्कार जितका स्पष्ट नोंदवला जाईल, तितका तो संगीताला धक्का न लावता पुढे वेगळा काढता येतो. जे प्रमाण श्रोत्याला अनावश्यक आहे, तेच संग्राहकाला अत्यावश्यक ठरते. नव्या मुद्रणांबाबत बोलायचे तर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे त्याच्या नादातील उपस्वरांची समृद्धी, ही उत्तम कसोटी आहे. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिले की, तंबोऱ्याच्या घोडीच्या वक्र पृष्ठामुळे आणि तिच्यावरच्या दोऱ्यामुळे, नेहमीच्या नियमानुसार जे उपस्वर उमटू नयेत तेही तारेतून उमटतात. फार काटछाट केलेल्या फाइलीत या उपस्वरांचा सतत पालटणारा पट मलूल होतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणात तो अबाधित राहतो.

पोनोचा व्यवसाय कोसळला तो ध्वनीमुळे नव्हे. स्वतंत्र यंत्र, त्यासाठी स्वतंत्र दुकान आणि प्रत्येक अल्बमला साधारण १५ ते २५ डॉलर, हा व्यवहार मासिक वर्गणीत लाखो गाणी देणाऱ्या सेवांपुढे टिकणे कठीण होते. दुकान चालवणारी ऑम्निफोन ही कंपनी ॲपलने घेतल्यावर जुलै २०१६ मध्ये ते बंद पडले आणि एप्रिल २०१७ मध्ये यंग यांनी पोनोचा शेवट जाहीर केला. यंत्रे आणि विकत घेतलेल्या फाइली लोकांकडे राहिल्या, ही मालकीच्या पद्धतीची जमेची बाजू म्हणावी लागेल. वर्गणी थांबली की संगीतही थांबते, असे येथे घडले नाही. पुढे २०२१ मध्ये ॲपलने अतिरिक्त शुल्क न घेता काटछाटविरहित संगीत देण्यास सुरुवात केली, तेव्हा यंग यांची मूळ मागणी त्यांच्या यंत्राशिवायच बऱ्याच अंशी पूर्ण झाली.

सोनी, कोरियातील अ‍ॅस्टेल अँड कर्न आणि चीनमधील फिओ या कंपन्या आजही अशी यंत्रे बनवतात. त्यांचे खरे फायदे तीन आहेत : जड हेडफोनलाही पुरेशी शक्ती देणारा अँप्लिफायर, बहुतेक फोनमधून नाहीसा झालेला हेडफोनचा जॅक, आणि संगीताशिवाय दुसरे काही न मागणारे उपकरण. तोटेही तितकेच ठोस आहेत : किंमत, आणखी एक बॅटरी सांभाळण्याचा व्याप, आणि ब्लूटूथ हेडफोन जोडताच ध्वनी बहुधा पुन्हा काटछाट होऊन पोहोचत असल्याने खर्चाचा मोठा भाग वाया जाणे. फोनला जोडायचा साधा, स्वस्त डॅक बहुतेक हेडफोनना पुरेसा असतो; म्हणून मर्यादित पैसे असलेल्या श्रोत्याने आधी चांगला हेडफोन घ्यावा, मग काळजीपूर्वक मास्टरिंग केलेल्या आवृत्त्या शोधाव्यात आणि यंत्राचा विचार शेवटी करावा. चांगला ध्वनी मिळण्याचा आग्रह यंग यांनी जाहीरपणे धरला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तो आग्रह आता यंत्र विकणाऱ्यांपेक्षा ध्वनिमुद्रण घडवणाऱ्या आणि जपणाऱ्या संस्थांकडे धरला पाहिजे, कारण जे स्टुडिओत दडपले गेले किंवा संग्रहालयात कुजले, ते कोणतेही यंत्र परत आणून देऊ शकत नाही.