दोन व्हॉल्व्हचा क्लेम

हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला आणि त्याखालचा पहिला अर्ज होता पंख्याचा. छताला टांगलेला कापडी पंखा तेव्हा माणूस बसवून दोरीने ओढावा लागे. ते काम करणाऱ्या यंत्रासाठी कलकत्त्याचे सिव्हिल इंजिनिअर जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी ३ मार्च १८५६ रोजी अर्ज केला. इतरांचे अर्ज तयार करून देणं हाच पुढे त्यांचा व्यवसाय झाला. त्यांच्या नावाची पेढी आजही चालू आहे. इंजिनिअरने कायद्याच्या दारात उभं राहण्याची आपल्याकडची परंपरा ही एवढी जुनी.

आज या व्यवसायाला दोन दरवाजे आहेत. पहिला पेटंट एजंटचा. १९७० च्या पेटंट कायद्यातल्या कलम १२६ प्रमाणे त्यासाठी भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण आणि विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. मग पेटंट कार्यालयाची परीक्षा: दोन लेखी पेपर आणि तोंडी. या परीक्षेला कायद्याची पदवी लागत नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. एजंट झालेला माणूस अर्ज लिहू शकतो, तपासनिसाच्या हरकतींना उत्तर देऊ शकतो, कंट्रोलरपुढे सुनावणीला उभा राहू शकतो. न्यायालयात मात्र त्याला बाजू मांडता येत नाही. तो दुसरा दरवाजा. त्यासाठी तीन वर्षांचं एलएल.बी., बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. बरेच जण पहिल्या दरवाजातून शिरतात, नोकरी सांभाळून कायदा शिकतात आणि मग दुसऱ्याकडे वळतात. यात एक मेख आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, त्यामुळे कंपनीच्या पेटंट विभागात रुजू होताना सनद स्थगित ठेवावी लागते. कंपनी की कोर्ट, हा निर्णय कधी ना कधी घ्यावाच लागतो.

सुरुवातीची वर्षं शोधण्यात जातात. समोर आलेली कल्पना जगात आधी कुणी मांडली आहे का, हे जुनी पेटंटं, शोधनिबंध, कॅटलॉग चाळून पाहायचं. मग ड्राफ्टिंग. संशोधक आपण बनवलेलं एक यंत्र घेऊन येतो आणि त्याविषयी भरभरून बोलतो. वकील विचारतो, इथं स्प्रिंगऐवजी रबर लावलं तर? हा भाग उलटा बसवला तर? दोनाऐवजी तीन केले तर? इंजिनिअरिंगच्या शिक्षणात एका प्रश्नाचं एक उत्तम उत्तर काढायला शिकवतात. इथं मात्र तेच उत्तर चुकवून दुसरा कसा पुढे जाईल, याचा विचार करावा लागतो. त्या विचाराचा निष्कर्ष म्हणजे अर्जाच्या शेवटी येणारे क्लेम. कागदावर ती लांबलचक वाक्यं असतात, पण मालकीचा बांध तिथंच पडतो. बांध फार आत घातला तर शेजारी मोकळा सुटतो. फार बाहेर घातला तर जमीन दुसऱ्याची निघते आणि पेटंटच रद्द होतं.

याचं ठळक उदाहरण पुण्याच्या आकुर्डीचं आहे. बजाज ऑटोने १६ जुलै २००२ रोजी छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठी पेटंटचा अर्ज केला. ४५ ते ७० मिलिमीटर बोअर, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग. दोन ठिकाणी ठिणगी पडली की हवा जास्त आणि इंधन कमी असलेलं मिश्रणही लवकर पेट घेतं. पल्सरवरचं ‘डीटीएस-आय’ ते हेच. २००५ मध्ये पेटंट मिळालं. २००७ च्या अखेरीस चेन्नईच्या टीव्हीएसने १२५ सीसीची ‘फ्लेम’ आणली. तिलाही दोन प्लग होते, पण व्हॉल्व्ह तीन. बजाज मद्रास उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला. टीव्हीएसने मग एकाच प्लगची फ्लेम बाजारात उतरवली. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो हुकूम उठवला. बजाजने क्लेममध्ये स्वतःच दोन व्हॉल्व्ह लिहिले होते, आणि तीन व्हॉल्व्हचं इंजिन त्यात प्रथमदर्शनी बसत नव्हतं.

हा वाद कोर्टात मांडायचा तर कलमं पाठ असून भागत नाही. तिसऱ्या व्हॉल्व्हने ज्वलनात खरोखर फरक पडतो की तो नुसता वळसा आहे, हे इंजिन कळल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ते न्यायाधीशांना समजेल अशा भाषेत सांगावं लागतं.

१६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्री करू दिली, मात्र हिशेब ठेवायला लावला. पेटंट, ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचे दावे साधारण चार महिन्यांत निकाली काढा, असंही बजावलं. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली २०१९ मध्ये. अर्ज केल्यापासून वीस वर्षांत पेटंट संपतं, त्यातली बारा वर्षं भांडणात गेली. या व्यवसायात येणाऱ्याने कोर्टाच्या वेळेचा हिशेब आधीच समजून घ्यावा.

अलीकडे चित्र थोडं बदललं आहे. २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचं अपील मंडळ बरखास्त झालं आणि त्याचं काम उच्च न्यायालयांकडे गेलं. दिल्लीने त्याच वर्षी स्वतंत्र बौद्धिक संपदा विभाग स्थापन केला, मद्रासने २०२३ मध्ये. तंत्रज्ञान समजणाऱ्या वकिलाची गरज त्यामुळे वाढली. महाराष्ट्रातल्या मुलांना तर सोयी घराजवळच आहेत: मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालय, नागपुरात बौद्धिक संपदेची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था.

हे काम आपल्याला जमेल का, हे परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी तपासता येतं. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेली पेटंटं फुकट वाचायला मिळतात. आपल्या शाखेतलं एक निवडावं, पहिला क्लेम कागदावर उतरवावा आणि तो न मोडता तेच काम करणारं दुसरं यंत्र आखून पाहावं. मग पुन्हा क्लेमकडे येऊन तो असा लिहावा, की आपलीच पळवाट बंद होईल. यात तासन्‌तास कसे गेले हे ज्याला कळलं नाही, त्याने एलएल.बी.ला नाव घालायला हरकत नाही.