एकाच वेबसाइटवर अनेक जाहिरात नेटवर्क : कमाई वाढते की वाचक पळतो?

व्हॉट्सॲपवर आलेली बातमीची लिंक उघडली की अनेकदा बातमीआधी जाहिरातच समोर येते. थोडं खाली सरकलं की दुसरी, आणि स्क्रीनच्या तळाशी चिकटलेली तिसरी. या तिन्ही जाहिराती एकाच कंपनीकडून आलेल्या असतील असं नाही. एका वेबसाइटवर एकापेक्षा जास्त जाहिरात नेटवर्क वापरता येतात. पण ते चालतं कसं?

जाहिरात नेटवर्क म्हणजे काय?

जाहिरातदार आणि वेबसाइट यांच्यामधला हा दलाल. वेबसाइट जागा देते, नेटवर्क तिथे जाहिरात लावतं आणि आपला वाटा कापून उरलेली रक्कम मालकाला देतं. गूगलचं ॲडसेन्स २००३ मध्ये सुरू झालं. मराठी मजकुराच्या वेबसाइटवरही ते चालतं.

दुसरं नेटवर्क कशासाठी?

कोणत्याही एका नेटवर्ककडे प्रत्येक वाचकासाठी चांगल्या दराची जाहिरात नसते, त्यामुळे काही जागा रिकाम्या राहतात. शिवाय एकाच नेटवर्कवर विसंबलेल्या मालकाचं खातं बंद झालं, तर त्याची सगळी कमाई एका दिवसात थांबते. ॲडसेन्ससोबत दुसरं नेटवर्क वापरायला गूगलची मनाई नाही. मात्र त्या पानावर जबरदस्तीने फाइल डाउनलोड करणाऱ्या किंवा वाचकाला भलत्याच पानावर नेणाऱ्या जाहिराती चालत नाहीत. दुसऱ्या नेटवर्कच्या चुकीमुळे ॲडसेन्सचं खातंही अडचणीत येऊ शकतं.

वाटणीच्या तीन पद्धती

१. जागा वाटून देणं : वरची जागा एका नेटवर्कला, खालची दुसऱ्याला. सर्वात सोपी पद्धत.

२. रांग लावणं : आधी पहिल्या नेटवर्कला विचारायचं, त्याने नकार दिला तर दुसऱ्याला. याला ‘वॉटरफॉल’ म्हणतात. अडचण अशी, की रांग सरासरी दरावरून लागते. समजा, पहिल्याचा सरासरी दर हजार वेळा दाखवण्याला ४० रुपये आणि दुसऱ्याचा ३०. एखाद्या वाचकासाठी दुसरा ६० द्यायला तयार असला, तरी पहिला ३५ ला जागा घेऊन मोकळा होतो.

३. एकाच वेळी लिलाव : पान उघडताना सगळ्यांकडून एकदम बोली मागवायची आणि जास्त देणाऱ्याला जागा द्यायची. हे ‘हेडर बिडिंग’. त्यासाठी ‘प्रीबिड’ हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर २०१५ पासून उपलब्ध आहे. पण बोलींची वाट पाहण्यात वेळ जातो.

एक छोटी, पण महत्त्वाची फाइल

दुसऱ्याच्या वेबसाइटच्या नावावर खोटी जागा विकण्याचे प्रकार रोखण्यासाठी २०१७ मध्ये ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल आली. आपल्या वेबसाइटवरची जागा विकण्याचा अधिकार कोणाला आहे, याची यादी त्यात असते. नवं नेटवर्क जोडताना त्याची ओळ या फाइलमध्ये टाकायची राहिली, तर अनेक खरेदीदार त्या नेटवर्कमार्फत बोलीच लावत नाहीत.

हिशेब कुठे चुकतो?

ॲडसेन्स १०० डॉलर जमल्यावरच पैसे देतं. समजा, महिन्याला १२० डॉलर कमावणाऱ्या मालकाने कमाई दोन नेटवर्कमध्ये निम्मी-निम्मी विभागली आणि दुसऱ्याचीही मर्यादा १०० डॉलरचीच असली, तर दोन्हीकडे ६०-६० डॉलर अडकतात. पहिल्या महिन्यात हातात काहीच येत नाही.

दुसरा फटका वेगाचा. प्रत्येक नेटवर्कचा कोड वाचकाच्या मोबाइलवर चालतो, त्याचाच डेटा खातो. जाहिरातींची गर्दी झाली तर ब्राउझरही दखल घेतो. मोबाइलवर मुख्य मजकुराच्या ३० टक्क्यांहून जास्त उंची जाहिरातींनी व्यापणं ‘बेटर ॲड्स’ मानकांत बसत नाही. हे नियम वारंवार मोडणाऱ्या वेबसाइटवरच्या सगळ्याच जाहिराती अडवण्याची पद्धत क्रोमने २०१८ मध्ये सुरू केली आणि २०१९ मध्ये ती जगभर नेली. जाहिरात कोणत्या नेटवर्कची, हे तिथे पाहिलं जात नाही.

मग करावं काय?

एका वेळी एकच नवं नेटवर्क, तेही एकाच जागेवर लावावं. महिनाभराने फक्त त्या नेटवर्कची कमाई न पाहता, दर हजार वाचकांमागे एकूण किती रुपये आले आणि पान उघडायला किती वेळ लागला, हे दोन्ही तपासावं. कमाई थोडी वाढली पण वाचक परत येईनासा झाला, तर तो सौदा तोट्याचाच. कारण नेटवर्क कितीही असली, तरी त्या सगळ्यांना विकलं जातं ते वाचकाचं लक्षच.