पाण्याचा रंग, आमिषाचा रंग

गळाला लावायच्या मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळाचा रंग निवडताना माणसाच्या डोळ्यावर फारसे विसंबता येत नाही, कारण दुकानातल्या उजेडात दिसणारा रंग आणि तेच आमिष पाण्याखाली गेल्यावर माशाला दिसणारा रंग यांत पुष्कळ अंतर असते. अशा गांडुळाची सुरुवात १९४९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरी निक क्रीम यांनी केली. पीव्हीसी आणि त्याला लवचीकपणा देणारे तेलकट द्रव्य एकत्र तापवून साच्यात ओतले की हे गांडूळ तयार होते आणि त्यात हवा तो रंग किंवा चमकी मिसळता येते. ते मुख्यतः बास या उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी वापरले जाते. मराठवाड्यातील तलावांत बास नसला, तरी पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून भक्ष्यावर झडप घालणारा मरळ येथे आहे आणि रंगाच्या निवडीमागचा प्रकाशाचा नियम दोघांच्या पाण्याला सारखाच लागू पडतो.

सूर्यप्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात. नितळ पाण्यात त्यांपैकी तांबडा सर्वांत आधी शोषला जातो आणि निळा सर्वांत खोल पोहोचतो. वस्तूचा रंग म्हणजे तिने परतवलेला प्रकाश असल्यामुळे, जेथे तांबडा प्रकाशच पोहोचत नाही तेथे लालभडक आमिषही काळपट दिसते. शेवाळामुळे हिरव्या झालेल्या पाण्यात मात्र निळा आणि तांबडा असे दोन्ही प्रकाश लवकर संपतात व हिरवा उरतो, तर गढूळ पाण्यात मातीचे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे रंग ओळखू येण्याआधीच आमिषाची आकृती पुसट होते.

भोकरदन तालुक्यातील हसनाबाद ज्या गिरजा-पूर्णेच्या खोऱ्यात वसले आहे, तेथे पाण्याच्या या तिन्ही अवस्था कमीअधिक प्रमाणात वर्षभरात पाहायला मिळतात. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण अत्यंत बारीक असल्याने पावसाळ्यात वाहून आलेले पाणी लवकर निवळत नाही. हिवाळ्यात साठलेले पाणी बरेच स्वच्छ होते आणि उन्हाळ्यात ते आटत जाऊन त्यात शेवाळ माजते. पारदर्शकता मोजण्याची साधी रीत इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये रूढ केली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची, एवढेच त्यात करावे लागते. दोरीला बांधलेल्या पांढऱ्या ताटलीनेही हा अंदाज घेता येतो. ताटली हातभर खोलीच्या आतच दिसेनाशी झाली, तर आमिषाच्या रंगछटांची चिकित्सा करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

प्रकाशाइतकेच महत्त्व माशाच्या डोळ्याला आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झालेल्या अभ्यासानुसार बासच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, एक तांबड्या प्रकाशाला आणि दुसरी हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी. त्यामुळे लाल आणि हिरवा हे रंग तो चांगले ओळखतो, परंतु पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसेच गडद निळा आणि काळा यांत त्याची गल्लत होते. मरळाचा डोळा नेमका असाच असेल असे यावरून गृहीत धरता येत नाही. मात्र माणसाला वेगळ्या वाटणाऱ्या दोन छटा माशाला एकच भासू शकतात, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

या दोन्ही बाजू एकत्र केल्या की निवड सोपी होते. गढूळ पाण्यात किंवा संधिप्रकाशात काळे, गडद जांभळे असे आमिष घ्यावे, कारण वरून झिरपणाऱ्या उजेडासमोर त्याची कडा ठळक उठते. स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, किंचित पारदर्शक आणि स्थानिक भक्ष्याशी मिळतीजुळती छटा चालते, कारण तेथे मासा आमिष नीट न्याहाळू शकतो. मधल्या, हिरवट पाण्यात गडद अंगाला उजळ शेपटी असलेले आमिष उपयोगी पडते, कारण त्यातील विरोध लांबून जाणवतो.

आमिषाचा असा विचार या प्रदेशाला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार आणि त्यांना भुलवणारी आमिषे यांचे वर्णन आहे. त्या काळची आमिषे खाद्याची होती आणि त्यांत वास व चव यांनाही स्थान होते, तर प्लॅस्टिकच्या गांडुळाची भिस्त प्रामुख्याने आकार, हालचाल आणि रंग यांवर असते. म्हणूनच पेटीत चाळीस रंग बाळगण्यापेक्षा गडद, नैसर्गिक आणि दुरंगी अशी तीनच आमिषे ठेवून त्या दिवशीच्या पाण्याची पारख करणे अधिक फायद्याचे ठरते. आणि हे प्लॅस्टिक पाण्यात कुजत नसल्यामुळे फाटलेले गांडूळ तलावात न टाकता परत नेणे, हाही त्या शहाणपणाचाच भाग मानला पाहिजे.