तंबाखूच्या पानाआडचा कारभार

निपाणीजवळच्या बोरगावच्या शिवारात तंबाखूला कळी धरू लागली, की शेतकरी झाडाचा शेंडा खुडतो आणि पुढे पानांच्या बगलेतून डोकावणारी बगलफूटही पुनःपुन्हा मोडीत राहतो. कारण असे केल्यावाचून पान जाड आणि कडक होत नाही, हे त्याला वाडवडिलांपासून ठाऊक आहे. मात्र पान कडक का होते, याचे उत्तर पानापेक्षा मुळाशी अधिक आहे; ते समजण्यासाठी आधी पेशींकडे वळावे लागते.

श्लायडेनने १८३८ साली वनस्पतींविषयी आणि श्वानने १८३९ साली प्राण्यांविषयी सिद्धान्त मांडल्यापासून सजीवांचे शरीर पेशींचे असते, हे सर्वमान्य झाले. परंतु पेशींची नुसती रास म्हणजे शरीर नव्हे. एकाच कामावर तैनात झालेल्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात, आणि अशा ऊतींच्या परस्परसहकार्यानेच पान, मूळ वा खोड उभे राहते.

तंबाखूचे पान भिंगाखाली धरावे. त्याच्या दोन्ही अंगांवर अपित्वचेचा एकपदरी थर असतो आणि त्यावर बारीक केस उगवलेले दिसतात. यांतील पुष्कळ केसांच्या टोकाशी ग्रंथी असून तिच्यातून राळेसारखा चिकट द्रव पाझरतो. तोडणी करणाऱ्यांच्या बोटांवर काळे किटण चढते ते याचेच. आत, वरच्या बाजूस, कणसावरील दाण्यांप्रमाणे दाटीने बसलेल्या उभट पेशी प्रकाशसंश्लेषण करतात. त्यांच्याखालील पेशी विरळ असून मधल्या पोकळ्यांतून हवा खेळते. शिरांमधून जलवाहिन्या आणि रसवाहिन्या धावतात. त्यांतील जलवाहिन्यांच्या पेशी गमतीच्या: त्या मेल्यावरच कामाला येतात, आतील सजीव द्रव्य नाहीसे होऊन उरलेल्या भिंतींची पोकळ नळी होते.

पानाला कडक करणारे निकोटीन मुख्यतः मुळांतील पेशींत तयार होते, पाण्याबरोबर याच नळ्यांतून वर चढते आणि पानाच्या पेशींमधील रिक्तिकांत साठते. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या आरंभी डॉसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचे कलम बांधले, तेव्हा पाने तंबाखूचीच आली, पण त्यांत निकोटीन जवळजवळ नव्हते. उलट तंबाखूच्या मुळावर वाढविलेल्या टोमॅटोच्या पानांत ते आढळले. शेंड्याच्या विभाजी ऊतीजवळ निर्माण होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरून बगलेतील कोंबांना दाबून ठेवते आणि मुळांतील निकोटीननिर्मितीसही आवर घालते. शेंडा खुडला की दोन्ही बंधने सैल होतात: बगलफूट उसळते आणि निकोटीन वाढते. शेतकऱ्याची नखे, म्हणजे, थेट मुळाच्या कारभारात हात घालतात.

याच वनस्पतीने पुढे विज्ञानालाही मोठा धडा दिला. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या खोडातील गराच्या ऊतीवर प्रयोग करून दाखविले, की ऑक्सिन अधिक दिले तर तीस मुळे फुटतात, कायनेटिन हे दुसरे वाढ-संप्रेरक अधिक दिले तर कोंब येतात, आणि दोहोंचे प्रमाण मध्यम ठेवले तर आकारहीन गोळाच वाढतो. १९६५ साली विमला वासिल आणि हिल्डेब्रांट यांनी एकाकी ठेवलेल्या एका पेशीपासून फुले येणारे संपूर्ण झाड वाढविले! पेशी आपले नेमून दिलेले काम करीत असली, तरी समग्र झाडाचा आराखडा ती बाळगून असते, याचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही.

तंबाखूच्या शेतात राबणाऱ्याच्या पेशींशीही निकोटीनची गाठ पडते. आपल्या त्वचेच्या मृत पेशींचा बाहेरचा थर पुष्कळ गोष्टी अडवतो, निकोटीनला मात्र पुरता अडवीत नाही. दवाने वा पावसाने ओल्या झालेल्या पानांतून ते पाण्यात उतरते, त्वचेतून रक्तात जाते, आणि मळमळ, ओकारी, भोवळ सुरू होते. म्हणून तोडणी पानांवरील ओल सुकल्यावरच करावी, हातमोजे घालावेत, आणि लहान मुलांना त्या कामावर मुळीच नेऊ नये.