कुंडलीतील स्थाने आणि मराठी वाङ्मयाचे वाचन : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास जन्मकुंडलीची ओळख असावी, असे म्हटले की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया संभवतात. ज्यांचा फलज्योतिषावर विश्वास आहे, त्यांना ती ओळख आपणांस आहेच असे वाटते. ज्यांचा विश्वास नाही, त्यांना ती अनावश्यक वाटते. वस्तुतः हा प्रश्न विश्वासाचा नसून वाचनाचा आहे. बखरी, चरित्रकाव्ये, नाटके आणि सुधारणावादी लेखन यांतून जोशी, पत्रिका आणि ग्रहदशा पुनःपुन्हा येतात. त्यांची परिभाषा ठाऊक नसेल, तर लेखक कोठे संकेत पाळतो आहे आणि कोठे तो संकेत उघडा पाडतो आहे, हे कळत नाही. प्रस्तुत लेखात कुंडलीतील बारा स्थानांची रचना थोडक्यात मांडून तिच्या साहाय्याने सातारा-सांगली परिसराशी नाते असलेल्या काही कृती वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

१. राशी आणि स्थान यांतील भेद

क्रांतिवृत्ताचे तीस-तीस अंशांचे बारा समान भाग म्हणजे राशी. हे भाग आकाशाशी निगडित आहेत. ते साऱ्या पृथ्वीला समान. स्थान किंवा भाव मात्र पाहणाऱ्याच्या क्षितिजाशी निगडित असतो. जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर जी राशी उगवत असेल ती लग्नराशी, आणि तेथून पहिले स्थान सुरू होते. पृथ्वीच्या परिवलनामुळे एका अहोरात्रात बाराही राशी क्षितिजावर येऊन जातात. म्हणून एक लग्न सरासरी दोन तास टिकते व लग्नाचा एक अंश सुमारे चार मिनिटांत सरकतो. एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांचे ग्रह त्याच राशींत असू शकतात, परंतु जन्मवेळ निराळी असेल तर ते ग्रह निराळ्या स्थानांत पडतात.

यावरून स्थळाचे महत्त्व ध्यानी येईल. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली व ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. सातारा सुमारे ७४ अंशांवर, तर सांगली ७४ अंश ३४ कलांवर आहे. म्हणजे साताऱ्याची स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३४ मिनिटांनी, आणि सांगलीची सुमारे ३२ मिनिटांनी मागे असते. हा संस्कार न करता पत्रिका मांडल्यास लग्न सरासरीने आठ अंशांनी चुकते. लग्न राशीच्या सीमेजवळ असल्यास बाराही स्थाने एका घराने सरकतात.

आकृतीविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या चौकटीत वरच्या बाजूचे मधले घर नेहमी लग्नाचे असते आणि तेथून घरे डावीकडे मोजली जातात. घरात लिहिलेला अंक हा स्थानाचा नसून राशीचा असतो. वरच्या घरात ५ हा अंक असेल तर त्याचा अर्थ ‘सिंह लग्न’ असा होतो, ‘पाचवे स्थान’ असा नव्हे. दक्षिणी पद्धतीच्या चौकटीत याच्या उलट राशींची घरे कायम असतात आणि लग्न खूण करून दाखवितात. जुन्या कागदपत्रांतील कुंडली वाचताना हा भेद प्रथम पाहिला पाहिजे.

२. स्थानांची नावे व क्रम

तनु, धन, सहज, सुहृद्, सुत, रिपु, जाया, मृत्यू, धर्म, कर्म, आय आणि व्यय ही बारा स्थानांची रूढ नावे होत. पहिले, चौथे, सातवे व दहावे ही केंद्रस्थाने. ती खगोलीय दृष्ट्या अनुक्रमे उदयबिंदू, पायाखालचे मध्यान्ह, अस्तबिंदू आणि डोक्यावरचे मध्यान्ह यांची द्योतक आहेत. पाचवे व नववे ही त्रिकोणस्थाने. सहावे, आठवे व बारावे ही त्रिकस्थाने अशुभ मानलेली. मराठीत आज आपण ‘केंद्रस्थानी’ हा शब्द सहज वापरतो, तो या परिभाषेशी जवळचे नाते सांगतो. साडेसातीची कल्पनाही स्थानगणनेचीच आहे. जन्मराशीपासून बाराव्या, पहिल्या व दुसऱ्या राशीत शनी प्रत्येकी सुमारे अडीच वर्षे राहतो. त्यांची बेरीज साडेसात होते.

केंद्र, पणफर, आपोक्लिम, जामित्र, होरा हे शब्द ग्रीक परिभाषेतून संस्कृतात आले. सातव्या स्थानाचे ‘जामित्र’ हे नाव ‘व्यास’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे रूपांतर आहे, कारण ते लग्नाच्या समोरासमोर येते. हा परका शब्द इतका रुळला की ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गाच्या आरंभी पार्वतीच्या विवाहमुहूर्तासाठी कालिदासाने तो योजला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात (१८९६) गणित, संहिता व जातक हे तीन स्कंध वेगळे करून पाहिले. त्यांपैकी लग्न काढणे हा गणिताचा भाग आहे, तर सातव्या घरावरून पत्नीविषयी बोलणे हा जातकाचा. पहिल्याची शहानिशा वेधाने होते. दुसऱ्यास तसा आधार नाही.

बारा नावांकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने आणखी एका दृष्टीने पाहावे. देह, धन, भावंडे, आई व घर, संतती, शत्रू, पत्नी, मरण, धर्म, अधिकार, लाभ, खर्च ही एका गृहस्थ पुरुषाच्या चिंतांची यादी आहे. ‘जाया’ या नावावरूनच उघड होते की कुंडलीचा गृहीत धारक पुरुष आहे. स्त्रीच्या पत्रिकेत तेच घर पतीचे म्हणून वाचले जाते.

३. स्थान हे घड्याळ : शिवजन्माची पत्रिका

स्थानांचा सर्वांत भक्कम उपयोग भविष्यासाठी नसून कालनिश्चितीसाठी आहे, याचे ठळक उदाहरण शिवजन्मतिथीच्या वादात सापडते. मराठी बखरींच्या परंपरेतून शके १५४९ मधील वैशाखातील तिथी रूढ झाली होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी नोंद मिळाली. पुढे जोधपूर येथील कुंडलीसंग्रहातील पत्रिकेने याच तिथीस दुजोरा दिला. त्या पत्रिकेत रवी कुंभेच्या २३ व्या अंशावर, लग्न सिंहेचे, व इष्टकाल सूर्योदयापासून ३० घटी ९ पळे असा आहे.

आता या तपशिलांचा परस्परमेळ पाहू. सिंह लग्नापासून कुंभ ही सातवी राशी. सातवे स्थान म्हणजे अस्तबिंदू. म्हणजे रवी मावळतीस होता. तीस घटी नऊ पळे म्हणजे सुमारे बारा तास चार मिनिटे. फाल्गुनात तेही सूर्यास्तासुमारासच येते. वद्य तृतीयेस चंद्र सूर्यापासून २०४ ते २१६ अंश पुढे असतो. कुंभेच्या २३ अंशांत हे अंतर मिळविले की चंद्र कन्या राशीच्या उत्तरार्धात, म्हणजे लग्नापासून दुसऱ्या स्थानी येतो. हस्त नक्षत्र कन्येतच आहे आणि शकावलीतही हस्ताचीच नोंद आहे. दोन दूरच्या साधनांतील तपशील असे जुळणे ही इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय.

याउलट परमानंदाच्या ‘शिवभारता’त शिवजन्माच्या वेळी पाच ग्रह अनुकूल व उच्चीचे असल्याचे वर्णन येते. उच्च-नीच हे राशीवरून ठरते, स्थानावरून नव्हे. रवीचे उच्च मेषेत, चंद्राचे वृषभेत, बुधाचे कन्येत. फाल्गुन वद्य तृतीयेस रवी कुंभेत व चंद्र कन्येत असल्याने ते दोघे उच्चीचे नाहीत. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही. म्हणून तो कन्येत असणे अशक्य. राहू-केतू सोडले तर सातांपैकी उरले चारच ग्रह. अर्थात परमानंदाचे वर्णन पत्रिकेची नोंद नसून काव्यसंकेत आहे. ‘रघुवंशा’त रघूच्या जन्मप्रसंगी कालिदासाने असेच पाच उच्चीचे ग्रह सांगितले आहेत. परमानंदाचा हेतू शिवरायांस रघूच्या पंक्तीस बसविण्याचा आहे, हे ध्यानी घेतले की ते वर्णन खोटे ठरत नाही. त्याची जात तेवढी कळते.

४. ‘तृतीय रत्न’ : लग्नावाचून स्थान

जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. १८५५ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीच्या दारी येतो, पोटातील मुलावर ग्रहाचे संकट असल्याचे सांगतो आणि त्या जोडप्यास शांती व भोजन यांच्या खर्चात उतरवितो. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले, हे सर्वश्रुत आहे.

स्थानविचार ठाऊक असलेल्या वाचकास येथे एक अधिकची गोष्ट दिसते. मूल अद्याप जन्मलेले नाही. त्याला लग्न नाही, आणि लग्नावाचून स्थान नाही. ज्या पत्रिकेतून मुलाचे संकट वाचावयाचे ती पत्रिका अस्तित्वातच आलेली नाही. प्रश्नकुंडलीचा आधार घेता आला असता, असे कोणी म्हणेल. परंतु तिलाही प्रश्नाची वेळ, पंचांग आणि गणित लागते. नाटकातील दहशत गणितावर उभी नाही. ती उभी आहे ती ऐकणाऱ्यास गणित तपासता येत नाही या वस्तुस्थितीवर. म्हणून नाटकाच्या अखेरीस ते जोडपे शिक्षणाकडे वळते, हा केवळ प्रचारकी शेवट नाही. शीर्षकातील तिसरे रत्न, म्हणजे शिक्षणाचा तिसरा डोळा, हे नाटकातील युक्तिवादाचे तर्कशुद्ध टोक आहे.

५. सातवे स्थान आणि ‘शारदा’

गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीलगतच्या हरिपूरचे. त्यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकात पैशाच्या लोभाने कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी वृद्ध भुजंगनाथास देऊ पाहतो. विवाह अडतो तो वधूवर सगोत्र असल्याचे उघड झाल्यामुळे. वयाचे अंतर सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, तरी ते पुरेसे कारण ठरत नाही.

सातवे स्थान जोडीदाराचे खरे, परंतु बारा घरांत कोठेही मुलीच्या संमतीस घर नाही. याच व्यवस्थेत मंगळदोषाचा विचार येतो. प्रचलित नियमानुसार मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असल्यास पत्रिका मंगळाची ठरते. बारांपैकी पाच स्थाने म्हणजे सुमारे ४२ टक्के. चंद्रापासूनही मोजले तर हे प्रमाण आणखी वाढते. नियम इतका व्यापक की अपवादांची यादी करावीच लागली. आणि नियम व अपवाद दोन्ही सांगणाऱ्याच्या हाती राहिल्याने निर्णय ग्रहांपेक्षा माणसांचाच होतो. त्याचा भार बहुधा मुलीकडच्यांवर पडतो.

याच भूमीत पर्यायही घडले. १९४० नंतरच्या दशकात प्रतिसरकारच्या चळवळीत साधे, अल्पखर्ची ‘गांधी विवाह’ लावले गेले. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्या सांगली जिल्ह्यालाही सामावणारा होता; १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर (हत्या : २० ऑगस्ट २०१३) यांचा डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीतही सहभाग होता. तीत २७ ज्योतिषांना पत्रिकांवरून हुशार व मतिमंद मुले ओळखावयास सांगितले होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे फेकूनही साधारण तेवढीच आली असती.

६. समारोप

वरील विवेचनावरून स्थानाचे तीन स्तर वेगळे करता येतात. पहिला कालमापनाचा, तो तपासता येतो आणि शिवजन्मासारख्या प्रश्नात पुरावा म्हणून उभा राहतो. दुसरा संकेताचा, तो परमानंदाच्या काव्यात दिसतो व काव्य म्हणूनच वाचावा लागतो. तिसरा अधिकाराचा, त्याची चिकित्सा फुले थेट करतात, तर देवलांच्या नाटकात विवाहाचा निर्णय मुलीबाहेर कसा होतो हे दिसते. या तिन्हींची सरमिसळ झाली की अभ्यासक एक तर पुरावा टाकून देतो किंवा दहशतीस पुरावा समजतो. वर्गात ‘तृतीय रत्न’ किंवा ‘शारदा’ शिकविताना फळ्यावर एक रिकामी कुंडली काढून तिची बारा घरे समजावून देण्यास दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर जोशाने कोणत्या घरावरून काय सांगितले, आणि ते सांगण्यास त्याच्यापाशी कोणता आधार होता, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारू लागतील.