मृदूच्या मोजमापाची शंभर वर्षे

जिलेटिनचे बळ मोजणाऱ्या उपकरणाचे पेटंट ऑस्कर ब्लूम यांस १९२५ साली मिळाले, त्याची शताब्दी उलटते न उलटते तोच आमच्या प्रयोगशाळेतील वजने आणि डायल गेज असलेली जुनी दाबचौकट निर्लेखनाच्या यादीत दाखल होऊन भंगारवाल्याच्या हवाली झाली, ही गोष्ट माझ्या मनाला लागली आहे.

ब्लूम यांच्या नावाने रूढ झालेल्या चाचणीत ६.६७ टक्के जिलेटिन १० अंश सेल्सिअसवर सुमारे सतरा तास थिजवून, अर्धा इंच व्यासाचा दट्ट्या ४ मिलिमीटर आत जाण्यास किती ग्रॅम भार लागतो ते नोंदवीत. अटी पाळल्यावाचून आकडा ग्राह्य नसे. पुढील कित्येक दशके ही रीत कारखान्यांतून निमूटपणे चालत राहिली.

२००६ साली एंगलर, डिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मेंदूइतक्या मऊ, म्हणजे १ किलोपास्कलच्या आतबाहेरच्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइडवर मूलपेशी चेतापेशींचे, त्याहून दृढ जेलवर स्नायूंचे, तर २५ ते ४० किलोपास्कलवर अस्थीचे वळण घेऊ लागतात. आणि त्यानंतरच्या दशकात, जे मी त्या चौकटीपाशी घालवले, जेलची दृढता मोजणे हा सर्वांच्याच निकडीचा विषय झाला. दाबावयाच्या जेलच्या चकतीचा पृष्ठभाग किंचित वक्र असला तरी भार-विकृतीच्या आलेखाचा आरंभ फसवा येई. चौकटीच्या तबकड्यांना सिलिकॉन तेल न लावल्यास घर्षणाने कडा जखडून जेल मधोमध फुगे व खोटी दृढता दाखवी. सावकाश दाबल्यास पाणी झिरपून जेल मऊ भासे, त्वरेने दाबल्यास तेच पाणी अडकून ताठर. म्हणून दाबाचा वेग, तापमान, बफरमध्ये जेल किती फुगले आणि किती विकृतीपर्यंतचा आलेखाचा उतार दृढतेचा गुणांक म्हणून धरला, याची तपशीलवार नोंद आम्ही वहीत करीत असू.

हीच नोंद एका नियतकालिकाच्या संपादकांनी जागेच्या सबबीवर छाटून केवळ गुणांक छापला, आणि पुढे इतरांच्या आकड्यांशी त्याची रुजवात होईना, तेव्हा दोष आमच्या माथी आला. तो अन्याय मी विसरलो नाही. आज तर संगणक उतार काढतो, विद्यार्थी आकडा उचलतो आणि रीत विचारली असता यंत्राचे नाव सांगतो. दृढता हा जेलचा गुण खरा, परंतु आपण जे मोजतो त्यात दाबणाऱ्याची कृतीही मिसळलेली असते. म्हणून त्या कृतीचा संपूर्ण दाखला जोडल्यावाचून कोणताही गुणांक छापू नये, एवढी सक्ती संपादकांनी विनाविलंब करावी.